तंबाखूची चाळणी आणि विडीची छाट

सिगारेटच्या कारखान्यात कातरलेली तंबाखू यंत्रावर चढविण्यापूर्वी तिचा एक नमुना प्रयोगशाळेत जातो. तेथे एकावर एक रचलेल्या चाळण्यांचा लहानसा मनोरा असतो. सर्वांत वरच्या चाळणीची छिद्रे मोठी, खालच्यांची क्रमाक्रमाने बारीक आणि तळाशी भुकटी गोळा करणारे ताट. ठरावीक वजनाचा नमुना वरच्या चाळणीत टाकतात, यंत्र तो मनोरा ठरावीक वेळ आणि ठरावीक गतीने हलविते आणि मग प्रत्येक चाळणीवर किती तंबाखू अडली याचे वजन करून शेकडेवारी नोंदवहीत लिहिली जाते. लांब तंतू किती, मध्यम किती, आखूड किती आणि निव्वळ धूळ किती, याचा हा हिशेब असतो. जी वस्तू पाच-सात मिनिटांत जळून राख व्हावयाची, तिच्यातील तंतूची लांबी इतक्या काटेकोरपणे पाहण्याचा हा खटाटोप सामान्य माणसाला नवलाचा वाटेल. परंतु त्यात हौसेचा भाग काहीच नाही. त्यामागे रोकडा व्यवहार आहे.

पान कातरणाऱ्या यंत्राची सुरी तंतूची रुंदी ठरविते. ती साधारणतः एक मिलिमीटरहून थोडी कमी असते. लांबी मात्र सुरीच्या हाती फारशी नसते. पानातील शिरा वेगळ्या करताना पानाचे तुकडे केवढे राहिले, त्या वेळी पान किती कोरडे होते, आणि पुढच्या वाटेवर त्याची किती उचल-आपट झाली, यांवर ती अवलंबून असते. तंतू पुरेसे लांब असले म्हणजे ते एकमेकांत गुंतून फुगीर राहतात. थोड्या तंबाखूत कागदाची नळी भरते आणि टोकाकडील तंबाखू पाकिटात सांडत नाही. ते आखूड झाले की टोके पोकळ होतात, आणि वाजवीपेक्षा लांब राहिले की त्यांच्या गुठळ्या होऊन एक सिगारेट ओढता येऊ नये इतकी घट्ट, तर दुसरी भुसभुशीत निघते. एका सिगारेटमागे अवघी दहा मिलिग्रॅम तंबाखू वाचली तर शंभर कोटी सिगारेटींमागे दहा टनांची बचत होते, एवढे गणित केले म्हणजे चाळणीचे महत्त्व ध्यानात येते. अमेरिकेत १८८१ साली पेटंट मिळालेले बोनसॅकचे यंत्र मिनिटाला सुमारे २०० सिगारेटी करीत असे. आजची यंत्रे मिनिटाला हजारोंनी करतात. या वेगात माणसाच्या डोळ्याला काही दिसण्याची शक्यताच उरत नाही. म्हणून माप हवे, आणि तेही यंत्राच्या आधी हवे.

वास्तविक चाळणी हे लांबीचे खरे मापच नव्हे, ही गोष्ट त्या प्रयोगशाळेत काम करणारांना पुरती ठाऊक असते. तंतू म्हणजे ज्वारीचा दाणा नाही. लांब तंतू उभा सापडला तर बारीक छिद्रातूनही निसटतो, आणि आखूड तंतू वेटोळे होऊन वर अडकून बसतो. चाळणी अधिक वेळ हलविली तर तंतू मोडतात आणि आखूड तंतूंचे प्रमाण वाढते. म्हणजे मोजण्याची क्रियाच मोजावयाच्या वस्तूत बदल घडविते. तंबाखू कोरडी असेल तर हा मोड आणखी होतो. यासाठी तंबाखू तपासण्यापूर्वी २२ अंश सेल्सिअस तपमान आणि शेकडा ६० सापेक्ष आर्द्रता यांत ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. नमुना किती, वेळ किती, हेलकावा किती, हे सर्व लिहून ठेवावे लागते, नाही तर आजच्या आकड्याची कालच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. अलीकडे तंतू सुटे करून त्यांची छायाचित्रे घेणे आणि वाकलेल्या तंतूची लांबी त्याच्या वळणाप्रमाणे संगणकाने मोजणे, ही पद्धतही आली आहे. माप सदोष आहे हे मान्य करून त्या दोषाची मर्यादा आधी ठरवून घ्यावयाची, ही शास्त्राची रीत येथे पाळली जाते. तंबाखूसारख्या वस्तूसाठी ती पाळली जावी हा दैवदुर्विलास असेल. पण रीत मात्र निर्दोष आहे.

आकडा बिघडला म्हणजे पुढे काय होते, हे तर अधिक बोधक आहे. आखूड तंतूंचे प्रमाण एकाएकी वाढले की शोध मागे मागे जातो. सुरीची धार गेली आहे काय? पान कातरताना ओलावा कमी पडला काय? गुंटूरकडून आलेल्या मालातच पानाचे तुकडे बारीक होते काय? वाहक पट्ट्यावर कोठे पान चुरडले जात आहे काय? दोष सापडला की तो दुरुस्त होतो आणि चाळणी पुन्हा साक्ष देते. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या पगारातून दर सदोष सिगारेटीमागे पैसे कापावेत, असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही. याचे कारण कारखानदाराचे औदार्य हे नव्हे. तसे केल्याने तंतू लांब होणार नाहीत, हे त्याला कळते.

अमेरिकेतील बेल कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही उत्पादनात थोडाफार फरक राहणारच. तो त्या प्रक्रियेचा स्वभाव असतो. त्या मर्यादेपलीकडे फरक गेला तरच त्यामागे विशिष्ट कारण आहे असे समजून ते शोधावे, असा या विचाराचा गाभा आहे. हे श्यूहार्ट प्राध्यापक महालनोबीस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले. म्हणजे स्वतंत्र भारताला हा विचार त्याच्या जन्माच्या वर्षीच मिळाला होता. शाळेतील शिक्षकाला तो नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. सबंध वर्गाचा एकच प्रश्न चुकला तर तो मुलांना छड्या मारीत बसत नाही. प्रश्नात काही चुकले की शिकविण्यात, हे तो आधी पाहतो. (निदान पाहावयास हवे.)

आता याच पिकाचे दुसरे घर पाहावे. विडीची तंबाखू सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूहून निराळी. ती कातरून तिचे तंतू करीत नाहीत, तर वाळवून, कुटून, चाळून तिचा जर्दा करतात. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे या व्यापाराचे जुने केंद्र. तेथील वखारींतही चाळणी असते. पण ती बाईच्या हातात असते, आणि त्या चाळणीतून उडणारी धूळ कोणत्याही ताटात जमा होत नाही, ती बाईच्या नाकातोंडात जाते. १९८० च्या सुमारास या वखारींतील स्त्रियांनी संघटना उभारली आणि वेतनासाठी, माणसासारख्या वागणुकीसाठी लढा दिला. ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना चाळणीचा हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हा जर्दा पुढे सिन्नर, संगमनेर, सोलापूर, कामठी, गोंदिया अशा गावांतून घराघरांत जातो. विडी कामगारांची सरकारी नोंदींतील देशभरची संख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील बहुतेक घरीच काम करतात. बाई ठेकेदाराकडून तेंदूची पाने, जर्दा आणि दोरा वजनावर आणते. रात्री पाने भिजत घालते, सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापते, जर्दा पसरते, वळते, तोंड मुडपते, दोरा बांधते. दिवसाकाठी आठ-दहा तास मांडी घालून बसल्यावर कोठे हजार विड्या होतात. म्हणजे मिनिटाला दोनही नाहीत. पंचवीस-पंचवीसांचे कट्टे बांधून ती ते कारखान्याच्या शाखेत नेते. तेथे तपासनीस बसलेला असतो. तो कट्टा हातात घेतो, दाबून पाहतो, टोकाकडे नजर टाकतो आणि काही विड्या बाजूला काढतो. विडी सैल आहे, पान फाटले आहे, लांबी कमी आहे, दोरा ढिला आहे, यांपैकी काहीही कारण असू शकते; आणि पुष्कळदा कारण सांगितलेही जात नाही. बाजूला काढलेल्या या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. त्यांची मजुरी द्यावयाची की नाही, येथून वादाला सुरुवात होते.

दर्जाची तपासणी दोन्हीकडे आहे. तंबाखू दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की, सिगारेटच्या प्रयोगशाळेत दोष हा खूण असतो आणि विडीच्या शाखेत दोष हा दंड असतो. खुणेवरून माणूस कारणाकडे जातो. दंड वसूल झाला की प्रकरण तेथेच मिटते. उलट ज्याला दंडाच्या रकमेचा लाभ होतो, त्याला कारण सापडू नये असेच वाटू लागते.

छाट कोठून येते याचा विचार केला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. तेंदूचे पान हे जंगलातून येते. काही पुडके कोवळे आणि लवचिक असते, काहीतील पाने जून, डागाळलेली, भोके पडलेली असतात. ज्या बाईच्या वाट्याला वाईट पुडके आले, तिच्या विड्या फाटणारच. तिचे हात कालच्या इतकेच कुशल असतात. पाने वजनाने कमी भरली किंवा त्यांतील निम्मी निकामी निघाली तर हजाराचा भरणा पुरा करण्यासाठी ती पदरचे पैसे घालून पाने विकत आणते, ही तक्रार विडी कामगारांच्या प्रत्येक संघटनेने वर्षानुवर्षे मांडली आहे. म्हणजे दोष कच्च्या मालात, त्याची भरपाई कामगाराच्या खिशातून, आणि त्या दोषाबद्दलची कपात पुन्हा त्याच कामगाराच्या मजुरीतून! सिगारेटच्या कारखान्यात आखूड पान आले तर ते पुरविणाऱ्याला जाब विचारला जातो. तेंदूचे पुडके मात्र कोणी तपासून देत नाही. तपासणी होते ती फक्त परत येणाऱ्या कट्ट्यांची.

आकडे मांडले तर ही कपात क्षुल्लक वाटणार नाही. रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईची शेकडा पाच छाट निघाली तर पन्नास विड्या गेल्या. महिन्याच्या सव्वीस दिवसांत तेराशे. हीच छाट शेकडा दहा धरली आणि तिची मजुरी मुळीच दिली नाही, तर महिन्याकाठी सव्वीसशे विड्या, म्हणजे अडीच दिवसांहून अधिक काम फुकट गेले. शिवाय छाटीच्या विड्या बाईला परत मिळत नाहीत. त्या मोडून जर्दा पुन्हा वापरात येतो किंवा त्या तशाच स्वस्तात विकल्या जातात, असा कामगारांचा जुना आरोप आहे. तो जेथे खरा असेल तेथे ती वस्तू निकामी होती असे म्हणण्यात काय अर्थ राहिला?

कायदा या बाबतीत आंधळा नव्हता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्च्या मालाचे वाटप, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी, या तिन्ही वादांचा निकाल संक्षिप्त पद्धतीने लावण्याची व्यवस्था राज्य सरकारांवर सोपविली होती. महाराष्ट्राच्या नियमांनी त्यापुढे जाऊन छाटीचे प्रमाण साधारणतः शेकडा ५ च्या वर जाऊ नये असे सांगितले आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल तर छाटीच्या विड्यांचीही निम्म्या दराने मजुरी द्यावी असे बंधन घातले. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिले. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो उचलून धरला. कायदा जिंकला, पण तो शाखेच्या ओट्यापर्यंत क्वचितच पोहोचला. ज्या बाईला उद्याची पाने त्याच माणसाकडून घ्यावयाची आहेत, ती आज त्याच्याविरुद्ध पन्नास विड्यांचा अर्ज घेऊन अधिकाऱ्याकडे जाईल, ही अपेक्षाच भाबडी होती. आणि जी मर्यादा कमाल म्हणून घातली होती, तीच अनेक ठिकाणी किमान होऊन बसली. माल कसाही असो, शेकडा पाच काढावयाचेच, असा परिपाठ पडला म्हणजे तपासणी हे केवळ मजुरीचा दर कमी करण्याचे साधन ठरते.

कारखानदाराची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. छापाच्या विडीवर त्याचा धंदा चालतो. सैल विडी गिऱ्हाइकाच्या हातात मध्येच विझली तर तो दुसऱ्या छापाकडे वळतो. हातकाम सारखे नसते, आणि जर्दा वाचवून विडी पोकळ वळण्याचा मोह कोणालाच होत नाही असेही कोणी म्हणणार नाही. तपासणी हवीच. प्रश्न तपासणीच्या पद्धतीचा आहे. जिचा निकष लिहिलेला नाही, जिची नोंद नाही, जी एका पक्षाचा नोकर दुसऱ्या पक्षावर चालवितो आणि जिच्या निकालाचा लाभ पहिल्याच पक्षाला होतो, तिला गुणनियंत्रण हे नाव देणे हा त्या शब्दाचा दुरुपयोग आहे.

आणखी एक आक्षेप येईल, आणि तो अधिक गंभीर आहे. जी वस्तू फुप्फुसाचा नाश करते, तिच्या दर्जाची चिंता समाजाने का करावी? विडी ही सिगारेटहून सौम्य, हा समज खोटा आहे. तिच्यात तंबाखू कमी असली तरी तिचा धूर कमी घातक नाही. सिगारेटच्या प्रयोगशाळेतील चाळणीलाही ओढणाऱ्याच्या प्रकृतीशी काही कर्तव्य नसते. त्या खोलीत दर्जा याचा अर्थ सारखेपणा एवढाच. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने पाकिटावर निकोटिन आणि टार यांचे प्रमाण छापण्याची भाषा केली. २००९ पासून पाकिटावर सचित्र इशारे आले, पण हे आकडे काही अद्याप गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडलेले नाहीत. हा सगळा धंदा आटत जावा हेच इष्ट आहे. पण धंदा आटावा म्हणून त्यातील बाईची मजुरी आधी आटवावी, असा त्याचा अर्थ होत नाही. छाटीमुळे एकही विडी कमी ओढली जात नाही. दुसरे काम मिळेपर्यंत ही बाई विड्याच वळणार आहे, आणि तोपर्यंत तिच्या हजारांची मोजणी सरळ व्हावी, इतकाच हा प्रश्न आहे.

आता १९६६ च्या कायद्याची जागा व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ही २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. अनेक कायदे एका पुस्तकात बांधताना बारीक तरतुदी शिवणीत हरवतात, हा अनुभव नवा नाही. छाटीची तरतूद अशी हरवता कामा नये. नव्या व्यवस्थेत ती शब्दशः असली पाहिजे, आणि जुन्या नियमात जे नव्हते तेही तिच्यात आले पाहिजे. पाने आणि जर्दा देताना ते बाईसमोर तोलून द्यावेत आणि वजनाबरोबर पानाची प्रतही तिच्या पुस्तिकेत लिहावी. छाटीचे निकष मराठीत, आणि सोलापुरात तेलुगूतही, शाखेच्या भिंतीवर लावावेत. विडीची लांबी पाहण्यासाठी तपासनिसाच्या अंगठ्याऐवजी पत्र्याची खाच असावी, आणि तीच खाच बाईच्या घरीही असावी. काढलेली प्रत्येक छाट कारणासह नोंदली जावी आणि त्या विड्या तिच्यादेखत कापल्या जाव्यात, म्हणजे त्या पुन्हा विकल्या जाण्याचा संशय राहणार नाही. एखाद्या आठवड्यात सगळ्याच बायकांची छाट वाढली तर त्या आठवड्याच्या पुडक्यांची चौकशी व्हावी आणि ती पुरी होईपर्यंत कोणाचीही मजुरी कापली जाऊ नये. यांतील एकाही गोष्टीला संगणक लागत नाही, की २२ अंशांची वातानुकूल खोली लागत नाही. एक तराजू, एक पत्र्याची पट्टी आणि एक वही यांवर हे काम भागते, आणि सिन्नरच्या किंवा सोलापूरच्या कोणत्याही शाखेत ते उद्यापासून सुरू करता येईल.